माणूस सोडून जातो तेव्हा उत्पादनातून काय जातं: गोव्यातल्या नव्या सुपरवायझर आणि मॅनेजरांसाठी

वेर्णा, कुंडई, डिचोली, थिवी, पिसुर्ले, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर किंवा एचआर म्हणून नव्याने रुजू झालात की पहिल्या महिन्यातच दोन तक्रारी कानावर येतात. मालक म्हणतात, टार्गेट पूर्ण होत नाही. शॉपफ्लोअरवरून उत्तर येतं, माणसं टिकत नाहीत. पहिल्या तक्रारीवर प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये बोलणं होतं, दुसरीवर एचआरच्या. कागदही दोन फायलींत जातात. प्रत्यक्षात तक्रार एकच आहे आणि ती एका कागदावर आणायची कशी, ते या लेखात सांगायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वर्षात किती माणसं गेली, एवढ्या आकड्यावरून फारसं कळत नाही. जो गेला त्याला काय येत होतं आणि तेवढं शिकायला त्याच्या जागी आलेल्याला किती दिवस लागतात, यावर उत्पादन ठरतं. दहा हेल्पर बदलूनही महिन्याचा माल वेळेवर निघालेला मी पाहिला आहे, आणि एक सेटर, म्हणजे मशीनवर साचा चढवून ते कामाला लावून देणारा कारागीर, गेल्यामुळे अख्खी लाइन लंगडत चाललेलीही पाहिली आहे. भजनी मंडळात एखादा टाळकरी आला नाही तरी भजन होतं, पखवाजी आला नाही की सगळेच एकमेकांकडे बघतात. आपल्या कारखान्यात पखवाजी कोण आहे, ते तो जाण्याआधी माहीत असलं पाहिजे.

पायरी १: मस्टर घेऊन बसा

गेल्या १२ महिन्यांचा हजेरीपट, पगारपत्रक आणि ठेकेदाराची बिलं, तिन्ही समोर घ्या. यातली बिलं मुद्दाम मागून घ्यावी लागतात. पॅकिंग, लोडिंग, सफाई आणि कित्येकदा मशीनवरचीही माणसं ठेकेदारामार्फत येतात. त्यांची नावं कंपनीच्या मस्टरवर नसतात, त्यामुळे त्यांच्यातलं कोणी गेलं तरी कंपनीच्या हिशेबात कोणीच गेलेलं नसतं. लाइनवर मात्र रोज नवा चेहरा दिसतो.

गळतीचा साधा दर असा काढतात: वर्षात सोडून गेलेली माणसं भागिले सरासरी पटसंख्या, गुणिले १००. समजा, तुमच्या विभागात सरासरी ४० माणसं आहेत आणि वर्षात ३० जण गेले. दर झाला ७५ टक्के. हा आकडा ऐकून कोणीही घाबरेल. पण मस्टर नीट पाहिलं तर असंही दिसू शकतं की ३० पैकी २५ जण त्याच सात-आठ जागांवर येऊन गेले आणि उरलेल्या जागा जवळजवळ हलल्याच नाहीत. मग दुखणं अख्ख्या विभागाचं नाही, त्या सात-आठ जागांचं आहे. तिथे उकाडा आहे का, उभ्याने काम आहे का, की तिथला चार्जहँड (त्या कामगारांवर देखरेख करणारा) तोंडाने फटकळ आहे, हे जाऊन पाहायचं.

म्हणून गळतीच्या दरासोबत टिकून राहिलेल्यांचाही आकडा काढा. वर्षापूर्वी पटावर असलेल्यांपैकी आज किती जण त्याच विभागात आहेत? दुसऱ्या शेजारच्या विभागात ४० पैकी १५ जणच गेले असतील, पण ते सगळे तीन-चार वर्षं जुने असतील, तर गळतीचा दर अर्धा असूनही तो विभाग जास्त अडचणीत आहे.

मग गेलेल्यांची नोकरी किती दिवसांची होती, त्याप्रमाणे यादी लावा: पहिल्या ३० दिवसांत गेलेले, तीन महिन्यांच्या आत गेलेले, वर्षाच्या आत गेलेले, एक ते पाच वर्षांतले आणि त्याहून जुने. मला या लेखातलं सगळ्यांत उपयोगी काम हेच वाटतं. पहिल्या महिन्यात जाणारा आणि चार वर्षांनी जाणारा हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांचं औषधही वेगळं आहे. दोघांना एकाच टक्केवारीत मोजलं की पगार हजार रुपयांनी वाढवण्यापलीकडे उपाय सुचत नाही.

पायरी २: कोणाला काय येतं, ते भिंतीवर लावा

एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला माणसांची नावं, वर कामांची नावं. प्रत्येक चौकोनात शून्य ते चार यांपैकी एक आकडा. शून्य म्हणजे काम येत नाही. एक म्हणजे सध्या शिकतो आहे. दोन म्हणजे कोणीतरी बाजूला असताना करतो. तीन म्हणजे एकट्याने करतो. चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मोठ्या कंपन्यांत याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात.

कामांची नावं लिहिताना ‘मशीन चालवणे’ असं मोघम लिहू नका. प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटात साचा चढवणं, तापमान बसवणं, माल बदलताना बॅरल साफ करणं आणि नग तपासणं ही चार वेगळी कामं आहेत. चालू मशीनमधून नग काढायला नवा मुलगा दोन दिवसांत शिकतो. साचा बदलून पहिला चांगला नग काढण्याचं काम शिकायला महिने लागतात. उत्पादन खातात ते साचा बदलल्यापासून चांगला नग निघेपर्यंतचे हे मधले तास, आणि ते कोणाच्याच नावावर लिहिलेले नसतात.

कागद भरून झाला की उभे रकाने पाहा. ज्या कामाखाली तीन किंवा चार हा आकडा एकाच माणसासमोर आहे, त्याभोवती लाल पेनाने गोल करा. तो माणूस चतुर्थीला गावी गेला, आजारी पडला किंवा त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तर काय होईल ते तुम्हाला आत्ताच दिसतं.

आकडे सुपरवायझरने एकट्याने खोलीत बसून भरू नयेत. कामगाराला समोर बसवून भरावेत. “काकी, हे सीलिंग तुम्ही एकट्या करता ना?” असं विचारलं की बऱ्याचदा ऐकायला मिळतं, “करते तर, आणि त्या दोघी पोरींना मीच दाखवलं.” ही गोष्ट कोणत्याच फायलीत नसते. त्या काकींच्या पगारात तर नक्कीच नसते.

औषध कंपन्यांमध्ये असलात तर हे काम निम्मं झालेलं असतं. औषध निर्मितीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक माणसाच्या प्रशिक्षणाची लेखी नोंद ठेवावी लागते आणि प्रशिक्षण न झालेल्याला त्या कामावर उभं करता येत नाही. म्हणून तिथे माणूस गेल्याची झळ लगेच बसते, बदली माणूस गेटवर हजर असला तरी. पण या नोंदी सहसा ऑडिटसाठी ठेवतात. त्याच नोंदींवरून तुमचा कागद भरा.

पायरी ३: एक माणूस गेला की किती नग गेले, ते मोजा

मालकाशी बोलायचं तर रुपयांत बोलावं लागतं, आणि रुपयांपर्यंत पोहोचायला आधी नग मोजावे लागतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. मुरलेला ऑपरेटर एका पाळीत ४०० नग काढतो. नवा माणूस पहिले दोन आठवडे १६० काढतो, पुढचे तीन आठवडे २४०, त्यापुढचे चार आठवडे ३२०, आणि दहाव्या आठवड्यात ४०० वर येतो. आठवड्याच्या सहा पाळ्या धरल्या तर पहिल्या टप्प्यात २,८८० नग कमी पडले, दुसऱ्यात पुन्हा २,८८० आणि तिसऱ्यात १,९२०. एकूण ७,६८० नग. म्हणजे मुरलेल्या माणसाच्या १९ पाळ्यांहून जास्त काम. नवा माणूस मिळेपर्यंत जागा एक आठवडा रिकामी राहिली असेल तर आणखी २,४०० नग. कच्चा माल वजा जाता एका नगामागे तीन रुपये सुटत असतील तर एकूण नुकसान ३०,२४० रुपये. यात शिकवणाऱ्याचा वेळ आणि वाढलेलं रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, धरलेलं नाही.

आता शेजारी दुसरा आकडा मांडा. त्याच जुन्या ऑपरेटरने महिन्याला हजार रुपये वाढवून मागितले होते आणि ते नाकारले गेले होते, असं समजा. वर्षाचे होतात १२,००० रुपये. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवा, फार बोलावं लागत नाही.

मात्र हा हिशेब प्रत्येक मशीनला तसाच लागू पडत नाही, आणि नवे लोक इथेच घाईने चुकीचा निष्कर्ष काढतात. ज्या मशीनवर आधीच फावला वेळ आहे, तिथे नवा माणूस हळू चालला तरी दिवसअखेर गेटबाहेर जाणारा माल तेवढाच राहतो. जिथे अख्ख्या लाइनचं काम अडतं त्या मशीनवर मात्र नव्या माणसाचा हळूपणा म्हणजे सगळ्या कारखान्याचा हळूपणा. म्हणून आधी अडणारं मशीन शोधा. ज्याच्या आधी माल साचतो आणि ज्याच्या नंतरची माणसं वाट पाहत उभी असतात, ते.

सराव वाढला की वेळ कमी होतो, ही गोष्ट पुरेशी जुनी आहे. १९३६ मध्ये टी. पी. राइट या अमेरिकी इंजिनिअरने विमान कारखान्यांतल्या अनुभवावरून दाखवलं होतं की एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागे लागणारे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. हे आपोआप घडत नाही. हात तेच राहिले आणि शिकलेलं कुठेतरी जमा होत गेलं, तरच घडतं.

माणसं न टिकल्याने काय होतं याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण फोर्डचं आहे. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या त्यांच्या कारखान्यात गळती ३७० टक्के होती. सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षात ५०,००० हून जास्त माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी दिवसाची पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि पात्र कामगारांची कमाई, नफ्याचा वाटा धरून, दिवसाला पाच डॉलर केली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दुसऱ्याच वर्षी, १९१५ मध्ये, गळती १६ टक्क्यांवर आली. आपल्या युनिटाला पगार दुप्पट करणं परवडणार नाही, आणि करायची गरजही नसते. पण पगार वाढवणं हे उपकाराचं नव्हे, हिशेबाचं काम असू शकतं, हे या उदाहरणावरून मालकांना पटवता येतं.

पायरी ४: का गेला, हे नंतर विचारा

राजीनाम्याच्या अर्जात ‘घरगुती कारण’ असतं. त्यावर एक्झिट फॉर्म भरून घेतला तरी तेच येतं, कारण हिशेबाचे पैसे अजून तुमच्या हातात असतात. माणूस जाऊन तीन-चार आठवडे झाले की त्याला फोन करा. फोन त्याच्या साहेबाने करू नये, एचआरने किंवा त्याच्या ओळखीच्या कोणी करावा. मग अशी उत्तरं येतात: “पगाराचं चाललं असतं हो. दुसरी पाळी सुटली की बस नाही. रोज कोणाच्या तरी बाइकवर मागे बसून यायचं, पावसात दोनदा पडलो.”

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडून कितीतरी मुलं रोज दुचाकीवरून गोव्यात कामाला येतात. जून ते सप्टेंबर त्यांच्यासाठी वेगळंच वर्ष असतं. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शेवटची बस पाळी सुटण्याआधी वीस मिनिटं निघून जात असेल, तर पाळी अर्धा तास आधी सोडणं हा पगारवाढीपेक्षा स्वस्त उपाय आहे. परप्रांतातून आलेल्यांचं कारण खोलीचं भाडं असतं, किंवा एका खोलीत किती जण राहतात हे असतं. एखाद्या युनिटाने चार-पाच खोल्या स्वतः भाड्याने घेऊन दिल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

गोव्यात माणसं कधी हलतात, ते बऱ्याच प्रमाणात आधी सांगता येतं. चतुर्थीला गोवेकर, सिंधुदुर्गातले आणि बेळगाव-कारवारकडचे, सगळेच घरी जातात. ओडिशा, झारखंड, बिहारची माणसं आपल्या सणांना आणि शेतीच्या कामाला जातात आणि परत येण्याची तारीख बऱ्याचदा सैल असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलरवरचे खलाशी त्या काळात गावी जातात, आणि ते वेळेवर परतले नाहीत की बंदी उठूनही ट्रॉलर जेटीला बांधलेले राहतात. ट्रॉलर आहे, डिझेल आहे, समुद्र मोकळा आहे, पण जाळं टाकणारे हात नाहीत. कौशल्य आणि उत्पादन यांचा संबंध बघायचा असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेटीवर जाऊन बघावा.

ऑक्टोबरला पर्यटनाचा हंगाम सुरू होतो आणि त्याआधीच हॉटेलं माणसं गोळा करू लागतात. कारखान्यातला हेल्पर किनाऱ्यावर जातो. हॉटेलातला मुरलेला कुक जहाजावर जातो. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे, बार्देश आणि सीमेपलीकडच्या मुलांपुढे आणखी एक वाट आहे. सरकारी भरतीची जाहिरात आली की दोन-तीन वर्षं तयार केलेला आयटीआयचा मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला लागतो. त्याला दोष देता येत नाही. कायमची नोकरी कोणाला नको असते? त्याने आपल्याला आधी सांगावं एवढा विश्वास मात्र आपण मिळवू शकतो.

आणि खाण. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागातले वर्कशॉपचे मेकॅनिक, वेल्डर, अवजड यंत्रांचे ऑपरेटर रिकामे झाले. त्यांतले काही औद्योगिक वसाहतींत आले, काही परदेशी गेले, काहींनी ट्रक विकून दुकान टाकलं. हायड्रॉलिकची गळती आवाजावरून ओळखणारा माणूस एखाद्या पॅकिंग लाइनवर खोके चिकटवत बसलेला असेल, तर त्याचं कौशल्य गावात असूनही कारखान्याच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. माणूस घेताना आधीच्या नोकरीत तो नेमकं काय करायचा, हे दहा मिनिटं बसून विचारा.

पायरी ५: पहिले पंधरा दिवस हातात घ्या

तुमच्या यादीत सगळ्यांत जास्त माणसं पहिल्या ३० दिवसांतच जाताना दिसली, तर बाकी सगळं सोडून इथे लक्ष द्या. बऱ्याच ठिकाणी नव्या माणसाला गेटपास देतात, बूट देतात आणि “त्याच्याबरोबर राहा आणि बघ” एवढं सांगून सोडतात. ज्याच्याबरोबर राहायचं, त्याला स्वतःचं टार्गेट असतं. तो शिकवणार कधी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखो नवख्या माणसांना कारखान्यांत उभं करायचं होतं, तेव्हा सुपरवायझरांना शिकवण्याची एक चार टप्प्यांची पद्धत दिली गेली. नंतर ती जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजली. आजही तिच्याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. पहिल्या टप्प्यात माणसाला सैल करायचं: आधी काय काम केलंस, यातलं काय माहीत आहे, हे विचारायचं. दुसऱ्यात काम करून दाखवायचं, एका वेळी एकच पायरी, आणि प्रत्येक पायरीत हात कुठे ठेवायचा आणि तिथेच का ठेवायचा हे सांगायचं. तिसऱ्यात त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्याला तोंडाने सांगायला लावायचं. चौथ्यात एकट्याने करू द्यायचं, अडलं तर कोणाकडे जायचं त्या एका माणसाचं नाव द्यायचं आणि दिवसातून दोन-तीनदा स्वतः जाऊन बघायचं.

यात ‘का’ सांगणं सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं. ग्लोव्हज का, हा बोल्ट आधी का, हे तापमान पाच अंशांनी वाढलं तर नगावर काय दिसेल. हात कसा ठेवायचा हे बघून उचलता येतं. कारण मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि रिजेक्शन त्यातूनच वाढतं.

शिकवणाऱ्याचं टार्गेट त्या आठवड्यापुरतं कमी करा आणि त्याला शिकवण्याचा भत्ता द्या. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पगारपत्रकावर वेगळी ओळ दिसू द्या.

तिसऱ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी नव्या माणसाशी पाच मिनिटं बोला: जेवण कुठे करतो, राहतो कुठे, पीएफ आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कागद झाले का. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू असतं. त्याचा नंबर वेळेवर मिळाला, तर घरी कोणी आजारी पडल्यावर तो मडगावच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ शकतो. नाही मिळाला तर उचल मागतो, ती मिळाली नाही की जातो.

पायरी ६: “शिकवला की पळतो” याचं काय करायचं

प्रत्येक मालक हे म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात याची नीट फोड केली. काही कौशल्यं कुठेही विकली जातात: वेल्डिंग, सीएनसी प्रोग्रॅमिंग, वाहन चालवणं. काही फक्त तुमच्याच कारखान्यात उपयोगाची असतात: तुमचं जुनं मशीन, तुमचे साचे, तुमच्या गिऱ्हाइकाचा तपासणीचा निकष. दुसऱ्या प्रकारचं शिकलेला माणूस बाहेर त्याची किंमत वसूल करू शकत नाही, म्हणून त्यावर खर्च करायला घाबरू नका. पहिल्या प्रकारचं शिकवलं तर बाजारात त्याची किंमत वाढते, आणि ती वाढ तुम्ही दिली नाही तर दुसरा देतो. तेव्हा प्रशिक्षण आणि पगाराची पायरी एकाच दिवशी ठरवा. भिंतीवरच्या कागदावर आकडा दोनचा तीन झाला की पगारात किती वाढ होणार, हे आधीच लिहून ठेवा आणि तारखेला द्या.

बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांवर एक काळजीपूर्वक अभ्यास झाला आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटाला संवाद, वेळेचं नियोजन, अडचण आली तर काय करायचं, असं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांची उत्पादकता वाढली, कंपनीचा खर्च काही महिन्यांत वसूल होऊन वर नफा राहिला, आणि शिकलेल्या स्त्रिया इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सोडून गेल्या असं काही दिसलं नाही. शिकवल्यावर माणूस जातोच, हे गृहीत धरण्याआधी स्वतःच्या मस्टरवर तपासा.

तरीही काही जण जाणारच. त्यांच्याबरोबर सगळंच जाऊ नये यासाठी काम लिहून ठेवायचं. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला होता. दोष नोंदवणं, यंत्रांची ठरलेली देखभाल, मालसाठ्याची शिस्त, रोजची छोटी आढावा बैठक, अशा साध्या गोष्टी बसवल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे कारखाने आपल्यासारखेच आहेत, कुटुंबाच्या मालकीचे, जुन्या यंत्रांचे. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच: सेटरच्या डोक्यातली माहिती मशीनशेजारच्या एका पानावर, फोटोसकट, मराठी आणि हिंदीत आली पाहिजे. ते पान त्या सेटरकडूनच लिहून घ्या आणि खाली त्याचं नाव घाला.

पायरी ७: शिकाऊ उमेदवार घ्या, पण शिकण्यासाठी

ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिथे कंत्राटी धरून एकूण पटाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. फर्मागुडी, डिचोली, म्हापसा, पेडणे, काकोडा, काणकोण इथे सरकारी आयटीआय आहेत. तिथल्या इन्स्ट्रक्टरना जाऊन भेटा, तुमचं मशीन कोणतं आहे ते सांगा. जवळच्या गावचा मुलगा मागा. वाटेत दीड तास घालवणाऱ्यापेक्षा वीस मिनिटांत घरी पोहोचणारा जास्त टिकतो.

शिकाऊ मुलाला वर्षभर फक्त खोके उचलायला लावलं, तर वर्ष संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनाही सांगेल.

थोडं जाणाऱ्यांबद्दलही

गळती शून्यावर आणायची नसते. काही माणसं त्या कामासाठी नसतात आणि ती लवकर गेली तर दोघांचंही भलं होतं. बाहेरून आलेला ऑपरेटर आधीच्या कारखान्यातली एखादी चांगली रीत घेऊन येतो. आणि ज्या युनिटात पंधरा वर्षांत कोणीच बदललं नाही, तिथे सगळे एकदम निवृत्त होतात, ही वेगळी अडचण. जपायचं आहे ते अडणाऱ्या मशीनवरच्या तीन आणि चार आकड्यांच्या माणसांना.

जाणाऱ्याचा हिशेब वेळेवर करा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत नोकरी सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत थकीत वेतन देण्याची तरतूद आहे, आणि त्याच वेळी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगारालाही एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कायद्यापलीकडेही याचा उपयोग आहे. पैशांसाठी चार खेपा न मारता गेलेला माणूस सहा महिन्यांनी परत यायला तयार असतो, आणि परत आलेल्याला दहा आठवडे शिकवावं लागत नाही. हॉटेलात गेलेली मुलं हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये विचारायला येतात. चांगल्या माणसांचे नंबर ठेवा आणि त्यांची वाट न पाहता मार्चअखेर स्वतःच फोन करा.

ठेकेदाराशी करार नवा करताना एक अट घाला: ठरावीक मशीनवर तीच माणसं किमान तीन महिने येतील, आणि बदलायची असतील तर आठवडाभर आधी कळवून जुना-नवा दोघे एकत्र पाठवायचे. दर थोडा वाढवून मागेल. तिसऱ्या पायरीतला हिशेब हातात असेल तर किती वाढवायचा ते तुम्हाला ठरवता येईल.

कुठून सुरुवात करायची

सगळ्या विभागांत एकदम सुरू करू नका. अडणारं एक मशीन निवडा. पहिल्या आठवड्यात त्या मशीनचं मस्टर आणि ठेकेदाराची बिलं, दुसऱ्यात भिंतीवरचा कागद, तिसऱ्यात नगांचा हिशेब, चौथ्यात गेलेल्या माणसांना फोन. मालकांपुढे दर महिन्याला एकच पान ठेवा. त्यावर चार गोष्टी असाव्यात: पहिल्या ३० दिवसांत किती गेले, वर्षाहून जुने किती गेले, लाल गोल किती उरले आणि त्या मशीनचं पाळीमागचं उत्पादन किती. तीन-चार महिन्यांत लाल गोल आणि उत्पादन एकमेकांबरोबर हलताना दिसू लागतील.

चतुर्थीच्या रजांची यादी जुलैतच मागवा. लाल गोलातला माणूस ज्या दिवसांत गावी असणार आहे, त्या कामासाठी दुसरा माणूस त्याच्याबरोबर किमान दोन आठवडे आधी उभा करा, आणि रजेच्या पहिल्या दिवशी पहिला नग निघेपर्यंत तुम्ही स्वतः मशीनजवळ थांबा.